पितृपक्षातला नवरदेव

भालू रिसबुडाच्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. भालू माझ्या मागच्याच गल्लीत राहतो. शाळेपासूनचा मित्र, रोज संध्याकाळी माझ्या ओटीवर बसून मला बुद्धिबळात हरवणारा. तरी पत्र रजिस्टर्ड पोस्टाने आलं होतं, लोककल्याण मंडळाच्या छापील कागदावर, जावक क्रमांक घालून. मजकूर असा होता:

"आपण आपल्या स्वतःच्या विवाहाकरिता मंडळाचे कार्यालय आरक्षित केले होते. सदर दिवशी सदर विवाह झाल्याचे आढळून येत नाही. तरी विवाह का झाला नाही याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. अन्यथा अनामत जप्त करून आपले सभासदत्व रद्द करण्यात येईल. कळावे. भा. वि. रिसबूड, चिटणीस."

मी तेव्हा साठी उलटलेला, अविवाहित, निवृत्त ग्रंथपाल होतो. विवाह का झाला नाही याचा खुलासा मी माझ्या आईलाही कधी देऊ शकलो नव्हतो. मंडळाला सात दिवसांत कुठून देणार?

पण हे मधूनच सुरू झालं. अगोदरचं सांगायला हवं.

निवृत्तीनंतर मी गावातल्या वाचनालयात दुपारचा बसत असे. एका दुपारी ओव्हाळ सिस्टर आल्या. नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात त्यांनी सगळी नोकरी काढली. गावातली चाळिशीच्या आतली बहुतेक माणसं पहिल्यांदा त्यांच्या हातात रडली. राहायला नदीपलीकडच्या बौद्ध वस्तीत. त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खांबेटे सर, दिवाणी दावा कसा लावतात त्याचं पुस्तक आहे का? मराठीत असावं, आणि अक्षर जरा मोठं."

"कोणाला हवंय?"

"मला. दावा लावायचाय."

"कोणावर?"

"लोककल्याण मंडळावर."

वाचनालयात आमच्याखेरीज एकच माणूस होता आणि तो वर्तमानपत्रावर झोपला होता. तरी मी आवाज खाली आणला. "सिस्टर, मी त्या मंडळाचा सभासद आहे."

"माहीत आहे. म्हणून पुस्तक देणार नाही का?"

मी पुस्तक काढून दिलं. त्या तिथेच खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

मंडळाचं मंगल कार्यालय नगरपालिकेच्या जागेवर, गावाच्या वर्गणीतून उभं राहिलेलं. दारावर पाटी होती, 'सर्वांसाठी खुले'. पाटी इतकी मोठी होती की खरोखर सर्वांसाठी खुलं असतं तर एवढ्या मोठ्या पाटीची गरज पडली नसती. नदीपलीकडच्या एकाही घराला ते कार्यालय कधी मिळालं नव्हतं. त्यांना कोणी नाही म्हणत नसे, आमचं गाव सुसंस्कृत आहे. फक्त तारीख गेलेली असायची. कोणतीही तारीख विचारा, ती आदल्याच दिवशी गेलेली.

"माझ्या लेकीचं, संघमित्राचं लग्न ठरलंय," सिस्टर म्हणाल्या. "मी म्हटलं, यांची मुहूर्ताची तारीख मागायलाच नको. पितृपक्षातली मागू. आमच्यात तो पाळत नाहीत आणि तुमच्यात त्या पंधरवड्यात कोणी बोहल्यावर चढत नाही. रीतसर अर्ज केला, रजिस्टर्ड पोस्टाने. पोचपावतीवर रिसबुडांची सही आहे. मग भेटायला गेले. तर म्हणाले, 'सिस्टर, दुर्दैव बघा, नेमकं त्या दिवशी लग्न आहे.'"

"पितृपक्षात?"

"मीही तेच विचारलं. कोणाचं लग्न, म्हटलं. म्हणाले, ते गोपनीय असतं."

"लग्न गोपनीय?"

"असं म्हणाले. चहा मात्र दिला, कागदी कपात."

मी हसलो नाही. मंडळात मला कपबशीत चहा मिळायचा.

वकील त्यांनी सगळे पालथे घातले होते. एक मंडळाचा सल्लागार निघाला. एकाच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात त्याच कार्यालयात होतं. तिसरा फारच भावुक झाला. तो म्हणाला, "सिस्टर, माझी तिन्ही मुलं तुमच्या हातची. तुमच्याकडून मी फी कशी घेऊ? आणि फी न घेता केस कशी घेऊ?"

"म्हणून मीच लढणार," सिस्टर म्हणाल्या. "बाळंतपणाला डॉक्टर वेळेवर आलाय असं कधी झालंय का? तोवर आम्हीच निभावायचो."

मग त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. माझ्याकडे कोणी असं पाहिलं की मला उगाच अपराधी वाटतं, पुस्तक हरवलेल्या सभासदासारखं.

"सर, तुम्ही एक करा. नुसतं विचारून या. हीच तारीख मागा. भाचीच्या मुलीचं बारसं आहे म्हणा."

मला नाही म्हणता येत नाही. हा माझा चांगुलपणा नव्हे, भित्रेपणा आहे. दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन मी कार्यालयात गेलो. भालू खुर्चीत बसून दात कोरत होता.

"मनू? तू इकडे कुठे?"

"कार्यालय हवं होतं." मी तारीख सांगितली.

"तुला? कशाला?"

मला भाची नाही, बहीणच नाही, हे भालूला माझ्याइतकंच माहीत होतं. सिस्टरना हे सांगायचं राहून गेलं होतं. बारसं हा शब्द ओठांवर आला आणि तिथेच अडकला.

"लग्न आहे," मी म्हणालो.

"कोणाचं?"

मी छपराकडे पाहिलं. तिथे काही सुचण्यासारखं नव्हतं.

"माझं."

भालू उठून उभा राहिला. त्याचे डोळे खरोखर भरून आले. टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने मला मिठी मारली, ओल्या छत्रीसकट. "गाढवा, आयुष्यभर पुस्तकात तोंड घालून बसलास, आणि आता? कोण आहे?"

"ठरेल."

"ठरेल म्हणजे? आणि पितृपक्षात रे?"

"आपल्या वयाला तोच बरा," मी म्हणालो. "जवळजवळ पितरांतच जमा आहोत." हे मला कसं सुचलं, अजून कळत नाही.

भालू इतका हसला की त्याला खोकला लागला. त्याने स्वतःच्या हाताने पावती फाडली.

"पण तारीख मोकळी आहे ना?" मी विचारलं. तेवढंच मला पढवलेलं होतं.

"मनू, त्या पंधरवड्यात कार्यालयात उंदरांशिवाय कोणी नसतं. खुशाल कर."

चहा आला. कपबशीतून.

मी वाचनालयात परतलो तेव्हा सिस्टर वाट पाहत होत्या. पावती वाचून त्यांनी चष्मा काढला. "बारसं सांगितलं होतं ना सर? लग्न कोणी सांगितलं होतं?"

"भाची नाही मला."

"मग बायको होती का?"

त्या आठवड्यात गावाने माझं जगणं अशक्य केलं. शेजारच्या काकूंनी मेथीचे लाडू पाठवले, ताकद यावी म्हणून. शिंप्याने रस्त्यात अडवून खांद्याचं माप घेतलं. मला पेढे वाटावे लागले, कारण न वाटले तर लोक विचारत, आणि विचारलं की मला उत्तर द्यावं लागे.

दाव्याचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून लिहिला. म्हणजे मी लिहायचो आणि सिस्टर खोडायच्या. मी लिहिलं, 'वादीस नम्रपणे असे वाटते की'. त्यांनी ते खोडून लिहिलं, 'घडले ते असे'. वाक्यागणिक मला शंका यायची की हे कायद्यात बसतं का. सिस्टर म्हणायच्या, "बसत नसलं तर परत पाठवतील. मूल थोडंच आहे, परत न पाठवता येणारं?"

कोर्टाने ते परत पाठवलंच. दावे दाखल करून घेणाऱ्या कारकुनाने कागद चाळले आणि तो म्हणाला, "वकीलपत्र नाही."

"वकीलच नाही," सिस्टर म्हणाल्या.

"ते बरोबर आहे. पण वकीलपत्र लागतं. दाव्याच्या मागे वकीलपत्र असतं. इथे काहीच नाही."

"माझी मीच लढणार आहे. कायद्यात चालतं. या सरांनी पुस्तकात दाखवलंय."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर. "पुस्तकात चालत असेल बाई," तो म्हणाला, "पण फायलीत ती जागा रिकामी दिसते."

आम्ही बाहेर पिंपळाच्या पारावर बसलो. मी म्हणालो, वरिष्ठांकडे तक्रारीचा अर्ज करावा. सिस्टरनी माझ्याकडून कोरा कागद घेतला आणि स्वतःच लिहिलं: 'मी, सिंधू ओव्हाळ, वादी, माझ्या वतीने काम पाहण्यासाठी सिंधू ओव्हाळ यांची नेमणूक करते. त्या जे करतील ते मला मान्य राहील. त्यांची फी ठरलेली नाही.' खाली सही नेमणाऱ्याची, आणि 'स्वीकारले' म्हणून पुन्हा सही.

कारकुनाने ते वाचलं, तिकीट लावून घेतलं आणि शिक्का मारला. "आता कसं," तो म्हणाला. जागा भरली होती.

तारीख लवकर मिळाली, कारण न्यायाधीश नवीन होते. विदर्भातून बदलून आलेला तरुण माणूस. गावात त्यांचं ना कोणाशी नातं, ना ते सिस्टरच्या हातचे. लग्नाआधी कार्यालय मिळावं हा तातडीचा अर्ज त्यांनी आधी ऐकायला घेतला. मंडळातर्फे निंबाळकर वकील उभे राहिले आणि त्यांनी अगदी शांतपणे माझी पावती पुढे केली.

"साहेब, वादीचा आरोप आहे की तारीख खोटी सांगितली. ही पावती. कार्यालय खरोखरच आरक्षित आहे. नवरदेव गावातले प्रतिष्ठित गृहस्थ आहेत."

मागच्या बाकावर मी होतो. मंडळाला सापळ्यात पकडायला गेलो आणि त्यांच्या हातात नसलेला पुरावा मीच नेऊन दिला. माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला हे जमलं नसतं.

"माझा अर्ज या पावतीच्या आधीचा आहे," सिस्टर म्हणाल्या. पोचपावती दाखवली.

"पावती नंतरची आहे," निंबाळकर म्हणाले. "पण खांबेट्यांनी वैशाखातच चिटणीसांना तोंडी सांगून ठेवलं होतं. म्हणजे वादीच्या आधी."

न्यायाधीशांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पानं उलटवून पाहिली. "हा पितृपक्ष आहे ना?"

"हो साहेब."

"उद्या नवरदेवाला हजर करा. मला त्यांना विचारायचंय."

त्या संध्याकाळी भालू नेहमीप्रमाणे ओटीवर आला. पट मांडला. चार प्यादी सरकवून झाली.

"वैशाखात तू मला बोलला होतास," तो म्हणाला. "उद्या इतकंच सांगायचं."

"मी नव्हतो बोललो."

"अरे, बोलला असतास तर कोणाला कळलं असतं? आपण रोजच बोलतो."

"भालू, तारीख मोकळी होती. त्यांना का नाही दिलीस?"

"माझं काही नाही रे. सुनेची दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली. मी घरात फोटो लावीन त्यांचा. पण एकदा दिलं की पायंडा पडतो. मग आपले लोक यायचे बंद होतात. ती भांडी, तो स्वयंपाक…"

"भांड्यांचं काय?"

"तुला कळतं."

मला कळत होतं. त्याने तेवढ्यावर सोडलं आणि मीही सोडलं.

मग भालूने त्याचा वजीर उचलला आणि माझ्या उंटाच्या वाटेत आणून ठेवला. इतक्या वर्षांत त्याने अशी चूक कधी केली नव्हती. मी बघत बसलो. "घे की," तो म्हणाला. मी घेतला. थोड्या वेळात तो हरला, आनंदाने हरला, आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "उद्या वेळेवर ये. धोतर नको, विजार घाल."

सिस्टरनी मात्र काहीच सांगितलं नाही. सकाळी कोर्टाच्या आवारात मी विचारलं, "मी काय सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा सर. मी कोणाला कळ आण म्हणून कधी सांगितलेलं नाही. ती यायची तेव्हा येते."

पुकारा झाला. मी पिंजऱ्यात उभा राहिलो. अर्धं गाव आलं होतं. नवरदेव फुकटात पाहायला मिळणार होता.

"लग्न तुमचं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो. म्हणजे पावती माझी."

"वधू?"

"अजून नाही."

मागे हशा झाला. न्यायाधीश हसले नाहीत. "रिसबुडांना तुम्ही वैशाखात सांगितलं होतं?"

भालू पहिल्या बाकावर होता. शाळेत मास्तरांनी मला उभं केलं की तो असाच बघायचा, ओठ जरासे हलवून, उत्तर पुरवत. त्याच्या उत्तरांवर मी तीन इयत्ता पास झालो होतो. आताही त्याचे ओठ हलले. त्यातून 'हो' इतकं स्पष्ट दिसत होतं की नुसतं वाचून दाखवायचं बाकी होतं.

"नाही साहेब," मी म्हणालो. "वैशाखात मी लग्नाचा विचार केला नव्हता. त्याआधीही कधी नाही. आषाढात गेलो, सिस्टरना नकार मिळाल्यावर. तारीख मोकळी आहे का, असं विचारलं. रिसबूड म्हणाले, त्या पंधरवड्यात उंदरांशिवाय कोणी नसतं."

आता कोणी हसलं नाही. भालूचे ओठ थांबले.

निंबाळकर उठले. "म्हणजे तुम्ही खोटं बोलून आरक्षण केलंत?"

"हो."

"म्हणजे तुम्ही खोटारडे आहात."

"हो साहेब. पण जमत नाही मला. गावभर पेढे वाटावे लागले."

"मला साक्षीदारांना एक विचारायचंय," सिस्टर उभ्या राहिल्या.

"हरकत," निंबाळकर म्हणाले. "वादी की वकील? वकीलपत्र दाखल आहे. एक कोणीतरी बोलेल, दोघांनी बोलायचं नाही."

न्यायाधीशांनी फाइल उलटून ते वकीलपत्र काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं. रुमालाने तोंड पुसण्याचं निमित्त त्यांना बराच वेळ पुरलं.

सिस्टर निंबाळकरांकडे वळल्या. "वकीलसाहेब, तुम्ही जन्माला आलात तेव्हा पायाळू होतात. तेव्हाही उलटेच अडकला होतात आणि मीच सोडवलं होतं. बसा."

निंबाळकर बसले. का बसले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"सर," सिस्टरनी मला विचारलं, "तुम्ही ही तारीख सोडता का?"

"सोडतो."

"लग्न मोडल्याचं दुःख?"

"विशेष नाही."

"झालं, साहेब. तारीख मोकळी आहे."

हुकूम दुपारी झाला. संघमित्राचं लग्न त्याच तारखेला, त्याच कार्यालयात लागलं. मंडळाने हुकूम अक्षरशः पाळला: कार्यालय उघडून दिलं आणि भांडीघराला कुलूप घातलं, कारण हुकुमात भांडी लिहिलेली नव्हती. वस्तीतल्या घराघरातून पातेली आली, कोणाचं काय ते कळावं म्हणून कडांना रंगीत दोरे बांधलेली. वंदना झाली, फुलं पडली, आणि मी पंक्तीत बसून जिलबी खाल्ली. आमच्या सभासदांपैकी मी एकटाच होतो. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही मुलाकडचे का मुलीकडचे?" मी म्हणालो, "मी आधीचा नवरदेव." त्यांनी आणखी जिलबी वाढायला सांगितली.

त्यानंतर आठवड्याच्या आत भालूचं ते रजिस्टर्ड पत्र आलं. उत्तराचे मसुदे मी पुष्कळ केले. एक फार उद्धट वाटला, एक फार लाचार. एकात मी चुकून न्यायशास्त्रावरचं अवतरण घातलं होतं. शेवटी सात दिवस उलटले. अनामत गेली, सभासदत्व गेलं. भालू ओटीवर यायचा थांबला. रस्त्यात दिसला की तो औषधाच्या दुकानात शिरायचा आणि मी चपलेचा अंगठा बघत बसायचो. पट मी उचलला नाही. धूळ पुसायचो तीही मोहऱ्यांभोवतून, एकही न हलवता.

मंडळ मात्र बुडालं नाही. आपले लोक यायचे बंद होणार होते, ते येतच राहिले. दुसरं कार्यालय होतं कुठे? शिवाय मंडळाला असा शोध लागला की पितृपक्षातही भाडं मिळतं. दावा पुढे समजुतीने मिटला, भांडीघराची किल्लीही हुकुमात आली. आता त्या मोठ्या पाटीखाली एक छोटी पाटी आहे: 'पितृपक्षात विशेष सवलत'. सिस्टर ती पाटी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. म्हणतात, "माझी फी."

अशी बरीच वर्षं गेली. परवा दाराखालून एक पत्रिका सरकवलेली सापडली. भालूच्या नातवाचं लग्न. तो परदेशात असतो, रजा मिळेल तेव्हा मुहूर्त. तारीख पाहिली तर भाद्रपद वद्य. कार्यालय तेच. खाली कापऱ्या अक्षरात एकच शब्द होता: 'येणे'.

मी टेबलाशी बसलो. या खेपेला मसुदा केला नाही.

"मा. चिटणीस, आपले पत्र मिळाले. उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. खुलासा पुढीलप्रमाणे. सदर दिवशी सदर कार्यालयात विवाह झाला. नवरदेव बदलला, एवढाच फरक. मी समक्ष हजर होतो. जिलबी गरम होती. तू यायला हवं होतंस.

"तो डाव मी जिंकलो नव्हतो. पट तसाच आहे. येऊन तुझा वजीर परत घे. नातवाच्या लग्नाला येतो. मनू."

पोस्टातल्या मुलीने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, पत्ता वाचला आणि मान वर केली. "आजोबा, हे तर तुमच्या मागच्या गल्लीतलंच घर. हातानंच द्या की."

"त्यांनी रजिस्टर्ड पाठवलं होतं," मी म्हणालो, आणि पोचपावतीचं कार्डही जोडायला सांगितलं.